चष्मेवाल्यानं पुसलेला ठोकळा

“हे तुम्ही पुसलंत?”

खिडकीपलीकडच्या तरुणानं कौतुकाच्या अपेक्षेनं मान हलवली. “हो. फार डाग होते हो त्यावर.”

ती लॅबमधली टेक्निशियन. तिला सगळे मास्तरीण म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. तिच्या तळहातावर काडेपेटीपेक्षा लहान मेणाचा ठोकळा होता. त्या मेणात त्याच्या आईच्या फुफ्फुसातल्या गाठीचा तांदळाएवढा तुकडा बसवलेला. आणि कडेवरचा नंबर... गायब. ठोकळा कसा लख्ख, नवा कोरा.

“कशानं पुसलंत?”

“स्पिरिटनं. माझं चष्म्याचं दुकान आहे. हातात काही आलं की पुसल्याशिवाय राहवत नाही.”

“आम्ही नंबर पेन्सिलीनं लिहितो, तो स्पिरिटनं जात नाही. तुमच्या आधीच्या लॅबनं पेननं लिहिला होता. आता हा ठोकळा कुणाचा, हे मी कशावरून ठरवू?”

तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आईचा कॅन्सर चौथ्या स्टेजला होता. जन्मात सिगारेट न ओढलेली बाई. डॉक्टर म्हणाले होते, गाठीच्या जीनमध्ये ठरावीक बदल सापडला तर नेमकी त्याच्यावरच काम करणारी गोळी देता येईल. टार्गेटेड थेरपी. नाही सापडला तर केमो. तपासायला तुकडा हा एवढाच. पुन्हा छातीत सुई घालायची म्हटलं, तर आईला एक जिना चढतानाही धाप लागत होती.

“म्हणजे... मी माझ्याच हातानं—” तो बाकावर बसलाच.

तिला राग यायला हवा होता. पण आत कुठेतरी गलबललं. “रडायचं नंतर,” ती म्हणाली. “आधीच्या लॅबनं या तुकड्याचा काप लावलेली जुनी काच आणा, आणि आईंना रक्त द्यायला घेऊन या. जुळवून बघू. आणि ऐका... काच पुसू नका.”

लॅबच्या प्रमुख मोठ्या मॅडमनी कपाळाला हात लावला, पण परवानगी दिली. तिनं श्वास रोखून केसाहूनही पातळ असा एकच काप काढला, कोमट पाण्यावर तरंगवला, काचेवर घेऊन रंगवला आणि जुन्या काचेशेजारी ठेवून बघितला. तोच घेवड्याच्या दाण्यासारखा आकार, तीच कोपऱ्यातली खाच. तिचा जीव भांड्यात पडला. रक्तातला डीएनएही तुकड्याशी जुळला, आणि तपासणी सुरू झाली.

रक्त द्यायला आलेल्या आईनं खिडकीशी थांबून दम घेतला होता. “तूच का गं... याला झापणारी? बरं केलंस. मी तीस वर्षं सांगतेय, माझं ऐकत नाही.”

मग तो रोजच यायला लागला.

“रिपोर्टला दहा दिवस लागतात. आज तिसरा आहे.”

“माहितीये. तुमच्या चष्म्यावर मेण आहे. पहिल्याच दिवशी दिसलं होतं... तेव्हा बोलायची हिंमत नव्हती.”

“आता आली?”

“थोडी. पुसू?”

तिनं चष्मा काढून दिला. समोर नुसता धूसर निळा शर्ट उरला, तरी तो हसतोय हे तिला कळलं. चष्मा परत घेताना बोटं बोटांना लागली, आणि दोघंही उगाचच रजिस्टरकडे बघायला लागले.

दहाव्या दिवशी रिपोर्ट आला. बदल सापडला होता. पण निकाल सांगायचा तो डॉक्टरांनी. तिनं लिफाफा पुढे केला आणि हसू दाबत एवढंच म्हणाली, “डॉक्टरांकडे जा. चालत जा, धावू नका.” तो धावतच गेला.

गेला तो गेलाच. एक महिना, दोन, तीन. काम झालं, माणूस पसार, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. पण दार वाजलं की मान वळायचीच.

आणि एका सकाळी तो खिडकीत उभा.

“काय जमा करायचंय?” तिनं कोरडेपणानं विचारलं.

“काही नाही. आईचा स्कॅन झाला. गाठ अर्ध्याहून लहान झालीय. आता जिना चढते, आणि वर पोचल्यावर भांडते.” तो थांबला. “डॉक्टर म्हणतात, गोळी कायमची पुरेलच असं नाही. गाठ कधीतरी गोळीला चुकवायला शिकेल. मग पुन्हा तपासायचं, पुढचं औषध शोधायचं.”

“मग तेव्हाही काप मीच काढेन. तेवढं सांगायला तीन महिने लागले?”

“नाही... मी रोज यायचो तो भीतीनं, की आभार म्हणून, की तुमच्यासाठी, माझं मलाच कळत नव्हतं. ठरवलं, स्कॅन चांगला येऊ दे, भीती जाऊ दे, मग बघू काय उरतंय.”

“काय उरलं?”

“तुम्ही,” तो म्हणाला. “मला तुम्ही आवडता. आई खाली उभी आहे. बोलल्याशिवाय खाली येऊ नकोस म्हणालीय.”

तिनं कानामागची पेन्सिल काढली, त्याच्या हातातल्या स्कॅनच्या लिफाफ्यावर आपला फोन नंबर लिहिला. “बघा पुसून.”

त्याचा हात सवयीनं खिशातल्या फडक्याकडे गेला, आणि तिथेच थांबला. “याला मी हात लावत नाही.”

“मग हा घ्या.” तिनं चष्मा काढून खिडकीतून पुढे सरकवला. “तीन महिने झाले... कुणी नीट पुसलाच नाहीये.”