माईकने पकडलेला आवाज

"थांबा, थांबा... काहीतरी आवाज येतोय," काचेपलीकडून तो म्हणाला.

ती आमची पहिलीच भेट. मी अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून द्यायचे आणि तो स्टुडिओतला नवा रेकॉर्डिस्ट.

"खुर्ची करकरत असेल," मी म्हणाले.

त्याने खुर्ची बदलली. पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

"हीसुद्धा तुमच्यावर रुसली वाटतं!" तो हसला. मला मात्र दरदरून घाम फुटला. आवाज माझ्या पोटाचा होता.

सहा वर्षं आतड्याला जखमा, रक्त पडणं, गोळ्यांनी सुजलेला चेहरा... शेवटी मोठं आतडं काढूनच टाकलं. आता बेंबीच्या उजवीकडे लहान आतड्याचं तोंड बाहेर आणलंय, त्यावर पिशवी चिकटवलेली. ते कधी बोलेल, माझ्या हातात नाही. लग्न ठरलेला मुलगा दवाखान्यात एकदाच येऊन गेला. आई अजून त्या पिशवीकडे बघत नाही.

तरी दर मंगळवारी मी जात राहिले. पुस्तकांसाठी? खोटं कशाला बोलू...

"तुमचा 'ळ' ऐकला की दिवस सार्थकी लागतो," तो म्हणायचा.

"मग घेऊन जा की घरी!"

"तो एकटा यायला तयार नाही ना —"

आणि मग एका मंगळवारी, वाचता वाचता पिशवी सुटली. कुर्ता भिजला. बंद खोलीत वास कोंडला. तो दार उघडून आत आला आणि जागीच थबकला.

"तो आवाज खुर्चीचा नव्हता," मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

त्याचा हात नाकाकडे गेला. तो बाहेर पळाला.

बाथरूममध्ये जाऊन मी नवी पिशवी लावली. हुंदका कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी नळ सोडून ठेवला.

परत आले तर दार सताड उघडं, आणि तो गुडघ्यांवर बसून माझ्या खुर्चीखालची फरशी पुसत होता.

"उलटी झाली मला," तो मान खाली घालून म्हणाला. "खोटं नाही सांगणार."

"ही पिशवी जन्माची आहे."

"हं..." त्याने फडकं बादलीत पिळलं. "मला ती इतक्यात बघवणार नाही कदाचित. पण तू पुढच्या मंगळवारी आली नाहीस तर — ते मला त्याहून असह्य होईल. थोडा वेळ देशील?"

तो पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला होता.

"देते," मी म्हणाले.

त्याचा हात ओला होता, फिनेलचा वास येत होता. मी तो धरला. आम्ही दोघंही घाबरलो होतो... पण हात कुणीच सोडला नाही.