मशीनवरची लाल पाटी

“पाय तुमचाच होता पायडलवर! उद्यापासून येऊ नका!” बाइंडिंग कारखान्याचे मालक आत्यावर कडाडले.

आत्या सोळा वर्षं इथे कागद कापत होती. जपानहून आलेल्या जुन्या कटिंग मशीनचं पातं काल अचानक खाली आलं. दोनशे पुस्तकं वाया गेली आणि आत्याची बोटं थोडक्यात वाचली.

“पाय नव्हता माझा,” आत्या म्हणाली.

“मग काय भुताचा होता? मी बसवलंय मशीन, ठणठणीत आहे!” मेकॅनिक खेकसला आणि त्याने चहाचा ग्लास स्टुलावर आपटला.

सुट्टी म्हणून आत्याचा डबा घेऊन आलेली तिची भाचरं, चष्मिष्ट आणि ढब्बू, दारातच थबकली. संतापाने चष्मिष्टचे कान लाल झाले. तेवढ्यात तिला ग्लासाखाली एक लाल पाटी दिसली. भोकात तुटकी सुतळी आणि वर दोन जपानी अक्षरं!

वाचनालयातल्या पुस्तकातून ती रोज एक जपानी शब्द शिकत होती. ही अक्षरं तिने मंगळवारीच खिशातल्या वहीत गिरवली होती.

“काका, ही पाटी मशीनवर होती ना?”

“होती! ‘कामगाराची चूक’ असं लिहिलंय. तुझ्या आत्यालाच लागू!” मेकॅनिक छद्मी हसला.

“साफ खोटं!” चष्मिष्टने वही त्याच्या नाकासमोर धरली. “हा शब्द ‘कोशो’. म्हणजे बिघाड! लिफ्ट बंद पडली, टीव्ही बंद पडला, की म्हणतात. माणसाच्या चुकीला नाही म्हणत. बिघडलेल्या यंत्रावर अशी पाटी लावतात!”

“मोठी आली शहाणी! दुरुस्त केलंय मी ते!”

“मग झालं तर!” ढब्बू म्हणाला. “मालक मशीन चालू करतील. पायडलजवळ कुणी जायचं नाही. तुम्ही फक्त पात्याखाली हात ठेवा!”

मालकांनी बटण दाबलं. मोटर घरघरू लागली. मेकॅनिकने हात खिशात घातला.

“ठेवा ना हात!” मालक गरजले.

“स्प्रिंग... बदलायची राहिली,” तो पुटपुटला. “पाटी मीच काढली.”

धाड! पातं खाली आदळलं. पायडलजवळ चिटपाखरूही नव्हतं.

मालकांनी मशीन बंद केलं आणि मेकॅनिकला दार दाखवलं. “शाब्बास, पोरांनो! कमाल केलीत!”

“त्यांचं कौतुक नंतर,” आत्या म्हणाली. “मला सगळ्यांसमोर बोललात. माफीही सगळ्यांसमोर मागा.”

सगळा कारखाना बघत होता. मालकांची मान खाली गेली. “चुकलो, बाई. उद्या नक्की या.”

आत्याने पाटी पुसली, सुतळीला गाठ मारली आणि ती मशीनवर टांगली. मग दहाही बोटांनी तिने चष्मिष्टचे गाल घट्ट धरले.