भिंतीला भोक

मंदाआत्याचं डोकं फक्त बैठकीच्या खोलीतच का दुखतं, हे कोडं अकरा वर्षांच्या शाल्मलीला दोन आठवडे सुटत नव्हतं. अंगणात गेली की आत्या बरी. परत येऊन कोळशाच्या शेगडीजवळ बसली, की तासाभरात कपाळाला हात.

"वारा लागतो तिला," बाबा म्हणाले आणि खिडकीच्या उरल्यासुरल्या फटीतही त्यांनी गोधडीचा बोळा कोंबला.

दूरच्या एका ज्वालामुखीची राख आकाशात पसरून तीन वर्षं झाली होती. ऊन पोचत नसल्याने निफाडला भरदुपारी पाणी गोठायचं. फटी बुजवण्यात सगळी गल्ली तरबेज झाली होती. समोरच्या बोरस्ते काका-काकूंनी तर त्या इतक्या नीट बुजवल्या, की गेल्या महिन्यात दोघं शेगडी पेटवून झोपले ते उठलेच नाहीत. थंडीने गेले, असं गल्लीने ठरवलं आणि आणखी गोधड्या बाहेर काढल्या.

बाबांनी मात्र गॅसची शेकोटी (भिंतीत बसवायची, काचेमागे ज्योत जळणारी) मागवली. ती बसवायला यंत्रमानव आला. त्याने दोन नमुने मांडले, एक नळीचा, एक बिननळीचा.

"बिननळीची," बाबा म्हणाले. "सगळी ऊब घरातच राहील. आम्ही फटी बुजवायच्या आणि तू भिंतीला भगदाड पाडणार?"

"पाडणार. ग्राहक देव असतो, साहेब. पण त्याला देवाघरी पाठवायची मला परवानगी नाही."

त्याच्या छातीवरचा मापक टिकटिकत होता. आकडा होता नव्वद.

"हे काय?" शाल्मलीने विचारलं.

"कार्बन मोनॉक्साइड (रंग-वास नसलेला विषारी वायू). दहा लाख भाग हवेत नव्वद भाग. कोळसा असो वा गॅस, जळायला ऑक्सिजन लागतो. बंद खोलीत तो कमी पडला, की अपूर्ण ज्वलन (अर्धवट जळणं) होतं आणि हा वायू वाढतो."

"त्याने डोकं दुखतं?"

"रक्तातलं हिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहून नेणारा पदार्थ) म्हणजे एसटी समज. ऑक्सिजन चढतो, आपल्या थांब्यावर उतरतो. हा वायू खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो आणि लवकर उठतच नाही. ऑक्सिजन खालीच राहतो. आधी डोकं दुखतं, मग झोप येते."

"मग बोरस्ते काका..."

"त्या घरी मी गेलो नव्हतो," यंत्रमानव म्हणाला. "मला माहीत नाही."

आत्या शेगडीपासून लांब सरकली.

"मापक बिघडला असेल," बाबा पुटपुटले. शाल्मलीने यंत्रमानवाला अंगणात ओढत नेलं. आकडा उतरत उतरत शून्यावर आला. आत आणल्यावर पुन्हा चढू लागला. बाबांनी त्याला तीनदा आत-बाहेर करायला लावलं. मापक काही शहाणा झाला नाही.

"नळीवाली कशी चालते?" आत्याने विचारलं.

"नळीत नळी असते. बाहेरच्या नळीतून ताजी हवा ज्योतीकडे येते, आतल्या नळीतून जळका वायू बाहेर जातो. जाता जाता तो येणाऱ्या हवेला ऊबही देतो. पुढची काच पक्की बंद. ज्योत घरातली हवा खातच नाही. काच तापते आणि प्रारणाने (उष्णता किरणांसारखी पसरण्याने) खोली उबदार होते."

"पण थोडी ऊब बाहेर जाणारच ना?" बाबांनी अखेरचा प्रयत्न केला.

"थोडी जाईल," यंत्रमानव म्हणाला.

"जाऊ दे," आत्या म्हणाली. "नाहीतर मी जाईन."

बाबांनी मुकाट्याने शेगडी अंगणात नेऊन ठेवली आणि गोधड्या उपसल्या. बर्फासारखा वारा आत घुसला. भिंतीला भोक पाडेपर्यंत सगळे कुडकुडत बसले. संध्याकाळी काचेमागे ज्योत लागली. मापक शून्यावर होता. आत्या तासभर बसली, दोन तास बसली आणि मग बाबांच्या स्वभावावर सविस्तर बोलू लागली. ती खरंच बरी होती.

राख खाली बसायला आणखी आठ वर्षं लागतील, असं शास्त्रज्ञ म्हणत होते. तोवर गल्लीतल्या एकवीस घरांच्या फटी गच्च बुजलेल्याच राहणार होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाल्मली आणि यंत्रमानव घरोघरची हवा मोजायला निघाले. पहिल्या घराचं दार त्यांनी बराच वेळ वाजवलं. आतून काहीच आवाज येईना. शाल्मलीने मुठीने धडाधडा ठोकलं.

शेवटी कडी निघाली. डोळे चोळत, वैतागलेल्या एक काकू उभ्या होत्या. "काय गं? डोकं ठणकतंय माझं."

"काकू," शाल्मली म्हणाली, "आधी बाहेर या."