दुपारी बाराचा आवाज

ही गोष्ट खरी आहे. यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत हे घडलं. मामा कसे, तर घरातल्या दिव्याचं बटण दाबतानाही आधी टेस्टर लावून बघणारे. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहाचा कप उचलून आत निघून जाणारे. त्यांनी हे मला एकदाच सांगितलं. सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

मामा मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन होते. जहाजावर इलेक्ट्रिशियनला सगळे बत्तीसाब म्हणतात.

अकरा वर्षांपूर्वीचा मार्च महिना. मंगळवार. पहाटेचे साडेपाच.

जहाजात लोखंडाच्या खनिजाची माती भरलेली होती, आणि ती भरतानाच ओली होती. लाटांनी हलून हलून तिचा चिखल झाला, चिखल एका बाजूला सरकला आणि जहाज कललं. ते परत सरळ झालंच नाही.

वीस मिनिटांत सगळा खेळ आटोपला.

एकोणीस माणसांपैकी चौघं रबरी तराफ्यापर्यंत पोहोचले. मामा. जहाजाचा सेकंड ऑफिसर, त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या. सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, साठीला टेकलेला माणूस. आणि जहाजाचा कुक.

कुकचा धाकटा भाऊ खाली इंजिनात कामाला होता.

तो वर आलाच नाही.

तराफ्यावर नारिंगी रंगाचं छत होतं. आत चौघं पाय दुमडून बसले तर बसतील एवढी जागा. थोडी बिस्किटं, पाण्याच्या पिशव्या आणि एक वॉकीटॉकी. बुडाल्याची खबर आपोआप पाठवणारं यंत्र जहाजाबरोबरच तळाला गेलं होतं. म्हणजे आपण बुडालोय हे जगात कुणाला ठाऊकच नव्हतं.

पहिला दिवसभर मामा वॉकीटॉकीवर ओरडत राहिले. नुसती खरखर.

कुक एका कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसला होता. सारंग त्याला म्हणाला, "अरे, तुझ्या हातचं खाऊन मी मेलो नाही. आता या पाण्यानं काय मरतोय?"

कुक हसला नाही. रडलाही नाही.

बुधवारी दुपारी मामांनी घड्याळ पाहिलं. बाराला एक मिनिट कमी. सहज म्हणून त्यांनी पुन्हा बटण दाबलं, बोलले, सोडलं.

खरखर थांबली...

आणि एक माणूस बोलला.

"ऐकू येतंय. किती जण आहात?"

आपल्याच भाषेत. घाई नाही, गडबड नाही. काउंटरपलीकडचा कारकून नाव विचारतो, तसा आवाज.

मामांच्या आधी सारंगनंच ओरडून सांगितलं, "चार. चौघं आहोत."

"बरं. धीर धरा. सकाळी येतो."

बस. एवढंच. पुन्हा खरखर.

तराफ्यात काय झालं ते मामांना नीट सांगता येत नाही. सारंगनं वर पाहून हात जोडले आणि हात जोडूनच रडला. कुकनं पहिल्यांदा बिस्कीट खाल्लं. ऑफिसरनं डोळे न उघडताच मामांचा हात दाबला.

एकच गोष्ट मामांच्या मनाला लागून राहिली.

त्या माणसानं विचारलंच नाही... तुम्ही आहात कुठे.

गुरुवारी सकाळी कुणी आलं नाही. क्षितिजापर्यंत नुसतं पाणी.

दहाच्या सुमारास ऑफिसरचा श्वास अडखळायला लागला. मामांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं. अकराला तो गेला. सारंगला जे येत होतं ते त्यानं म्हटलं, आणि तिघांनी मिळून त्याला पाण्यात सोडलं.

तिघांना मिळूनही तो जड गेला.

बारा वाजले. मामांनी बटण दाबलेलंही नव्हतं.

"आता तिघं ना?" आवाज म्हणाला.

मामांनी वॉकीटॉकी कानापासून लांब धरला.

सारंगचा चेहरा मात्र उजळला. "बघितलंत, बत्तीसाब? आपण दिसतोय त्यांना. दुर्बिणीतून बघत असणार. म्हणजे जवळच आहेत." मग तो वॉकीटॉकीजवळ तोंड नेऊन म्हणाला, "तिघं, साहेब. सकाळी येताय ना?"

"सकाळी येतो."

तेव्हा मामांचं लक्ष वॉकीटॉकीवरच्या लाल दिव्याकडे गेलं.

दिवा बंद होता.

दुपारी ते दोघं पेंगले तेव्हा मामांनी मागची बॅटरी काढून पाहिली. आत खारं पाणी शिरलं होतं. पट्ट्यांवर काळपट हिरवा थर चढला होता. तीस वर्षं हेच काम केलेला माणूस. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ही बॅटरी मेली होती. आज नाही. कालच.

सांगावं की न सांगावं?

सारंगनं आदल्या दिवशी सकाळीच पाणी प्यायचं सोडलं होतं. आवाज आला आणि तो पुन्हा पिऊ लागला. सकाळी येणार म्हणून तो आता दाढीवरून हात फिरवत होता, आपण घाणेरडे दिसतोय म्हणून लाजत होता. त्याला काय सांगायचं?

मामांनी बॅटरी पुन्हा जागेवर बसवली.

शुक्रवारी सकाळी त्यांनी एक गोष्ट केली. दोघांचं लक्ष नसताना बॅटरी काढली आणि पाण्यात टाकली. ती बुडताना त्यांनी पाहिली. आता तरी आवाज येणार नाही, म्हणजे बॅटरी मेली समजण्यात आपलीच चूक झाली होती, असं त्यांना वाटलं. खरं तर तसंच निघावं अशी त्यांची इच्छा होती.

बारा वाजले.

वॉकीटॉकी मांडीवर होता. रिकाम्या डबीसारखा हलका.

खरखर नाही... काही नाही...

"कसे आहात?" आवाज म्हणाला.

मामा म्हणतात, त्या क्षणी मला ओरडायचं होतं. पण सारंग समोर बसून हसत होता. "ठीक आहोत, साहेब," तो म्हणाला. "फक्त ऊन फार आहे."

इतक्यात कुक सरकत जवळ आला. "बत्तीसाब, मला द्या. मला विचारायचंय."

"काय विचारायचंय? राहू दे."

"द्या ना."

मामांनी वॉकीटॉकी घट्ट धरला होता, पण बोटांत जोर कुठला. कुकनं तो काढून घेतला. हातात घेताच तो थबकला. वजन जाणवलं असणार. त्यानं तो उलटा केला. मागची रिकामी खाच पाहिली... अंगठ्यानं चाचपली... मग मामांकडे पाहिलं.



आणि तरीही त्यानं बटण दाबलं.

"माझा भाऊ इंजिनात होता. तुमच्याकडे आहे का?"

लाटांचा तराफ्यावर आपटण्याचा आवाजही बंद झाल्यासारखा वाटला.

"आहे," आवाज म्हणाला. "झोपलाय. उठवू का?"

कुकच्या तोंडून हुंदका बाहेर पडला. मंगळवारपासून अडकलेला. "नको," तो म्हणाला. "नको उठवू. झोपू दे त्याला. रात्रपाळी करून दमलेला असतो."

शनिवारी बाराला त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. वॉकीटॉकी त्याच्याच हातात होता.

"उठला का?"

"उठला. वाट बघतोय."

"बोलता येईल त्याच्याशी?"

"इथे आल्यावर बोला."

कुकनं वॉकीटॉकी खाली ठेवला. चेहरा असा शांत, की मामांना त्याचीच भीती वाटली. त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि एकदाचं बोलून टाकलं. "ऐक माझं. त्यात बॅटरी नाहीये. मी काढून फेकली. हे जे बोलतंय ते माणूस नाही."

सारंगनं चमकून दोघांकडे पाहिलं.

कुक म्हणाला, "माहीत आहे, बत्तीसाब. म्हणूनच तर माझा विश्वास बसला."

"म्हणजे?"

"बॅटरीवर चालत असता तर कुणीही बोललं असतं. उगाच धीर द्यायला खोटंही बोललं असतं."

 

मामांनी त्याचं मनगट सोडलं नाही. दुपारभर धरून ठेवलं. सारंगला सांगितलं, "तुम्ही दाराशी बसा. याला बाहेर जाऊ द्यायचं नाही." छताला दार म्हणजे एकच फट होती. सारंग तिला पाठ लावून बसला. जागा होता. मामा शपथेवर सांगतात, जागा होता.

चारच्या सुमारास मामांचा डोळा लागला. किती वेळ? पाच मिनिटं असतील.

उठले तेव्हा मूठ रिकामी होती.

कुकच्या जागी त्याचा शर्ट होता. व्यवस्थित घडी घातलेला. त्यावर त्याच्या वाटणीच्या पाण्याच्या दोन पिशव्या ठेवलेल्या.

सारंग अजून दाराला पाठ लावूनच बसला होता. "माझ्याजवळून कुणी गेलं नाही," तो म्हणत राहिला. "कुणी गेलं नाही, बत्तीसाब. पाण्यात काही पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही."

बाहेर पाणी सपाट होतं. आरशासारखं.

मामांनी हाका मारल्या. त्याचं खरं नाव घेऊन मारल्या. घसा फुटेपर्यंत.

रविवारी बारा वाजता मामांनी स्वतः वॉकीटॉकी उचलला. "आमचा कुक कुठे आहे?"

"पोहोचले."

"कुठे पोहोचले?"

थोड्या वेळानं आवाज म्हणाला, आणि त्यात पहिल्यांदाच काहीसा जिव्हाळा होता...

"जेवायला बसलेत दोघं भाऊ."

सारंगनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "जेवायला," तो हळूच म्हणाला. मग दाराच्या फटीतून बाहेर पाहत राहिला. मामांनी स्वतःचा पट्टा काढून एक टोक त्याच्या कमरेला आणि एक आपल्या हाताला बांधलं. त्या रात्री ते झोपले नाहीत. शेजारी सारंग काय बोलत होता, कुणाशी बोलत होता, हे मामांनी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

सोमवारी पावणेबाराला मासेमारीची एक बोट आली.

खरी बोट. डिझेलचा वास, कुजक्या मासळीचा वास, ओरडणारी माणसं. त्यांना लांबून नारिंगी छत दिसलं होतं. त्यांनी दोर टाकला. सारंगला दोघांनी उचलून वर घेतलं. मग एकानं मामांपुढे हात केला.

आणि मामा म्हणाले, "थांबा जरा. बारा वाजू द्या."

सहा दिवस ज्याची वाट पाहिली ती सुटका समोर उभी होती, आणि हा माणूस वॉकीटॉकी छातीशी धरून बसला होता. "मला ऐकायचं होतं रे," ते म्हणाले. "फक्त एकदा. मला वाटलं, मी गेलो तर तो कुणाशी बोलेल?"

त्या लोकांनी त्यांना ओढून वर घेतलं. ओढाताणीत वॉकीटॉकी पाण्यात पडला.

बोटीवरच्या तांडेलानं, म्हणजे बोट चालवणाऱ्यानं, सांगितलं की चार दिवस ते याच भागात जाळी टाकत होते. त्यांचा वायरलेस दिवसरात्र चालू होता. त्यावर कुणाचाही आवाज आला नव्हता. मामांचा नाही, आणि दुसऱ्याही कुणाचा नाही.

सारंग त्यानंतर दोन वर्षं जगला. शेवटपर्यंत म्हणायचा, त्या आवाजानं मला वाचवलं. देवच होता तो.

मामांना हेच कळत नाही. तो आवाज नसता तर सारंग गुरुवारीच गेला असता, हे त्यांना पक्कं माहीत आहे. आणि तो आवाज नसता तर कुक आज घरी असता, हेही तितकंच पक्कं.

घरी आल्यावर महिन्याभरात मामा कुकच्या आईला भेटायला गेले. बेकरीच्या मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली. ती शर्टांना काज-बटणं करून द्यायची. दोन्ही मुलं एकदम गेलेली. मामांनी ठरवलं होतं, थोडक्यात सांगायचं आणि उठायचं. पण तिनं सुई बाजूला ठेवून इतक्या शांतपणे विचारलं, "शेवटी काय झालं, दादा? मला सगळं सांगा," की मामांनी सगळं सांगितलं. आवाजासकट.

तिनं मांडीवरचा शर्ट नीट घडी करून ठेवला. मग म्हणाली, "दोघं म्हणाला ना? दोघं भाऊ?"

"हो, मावशी."

"जेवायला बसलेत म्हणाला?"

"हो."

"मग बरं झालं." आणि तिनं सुईत दोरा ओवला.

मामांना वाटलं, चला, निदान तिच्या जिवाला तरी निवांतपणा मिळाला. दर दोन-तीन महिन्यांनी ते तिच्याकडे जात राहिले. दर वेळी ती तेच वाक्य पुन्हा सांगायला लावायची. जसंच्या तसं. एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी तिला कळायचं.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा खोलीत शिलाईचं सामान नव्हतं. भांडीही कमी दिसली. "देऊन टाकली," ती म्हणाली. "एकटीला कशाला हवीत?"

तिनं चहा केला. चेहरा अगदी शांत होता. मामा निघायला उठले, तेव्हा दारापर्यंत येऊन तिनं विचारलं,

"दादा... समुद्राकडे जाणारी बस कुठून सुटते हो?"

मामा म्हणाले, "मला माहीत नाही, मावशी."

त्या दिवसापासून ते रोज तिला फोन लावतात. साडेअकराला, जेवणाआधी. ती फोन उचलेपर्यंत मामा खाली बसत नाहीत.