केवड्याच्या पानाने ऐकलेलं

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर थोडं पुढच्या काळात या. तुमच्या नातवंडांच्या काळात म्हणा हवं तर. तिथे वस्तूंना ऐकू येतं.

म्हणजे त्यांना कान उगवलेत असं नाही. आवाज म्हणजे हवेची थरथर, हे तुम्हाला ठाऊक आहे. एखादी मऊ वस्तू नेमकी त्याच वेळी सुकत किंवा घट्ट होत असेल, तर ती थरथर तिच्या अंगावर केसाहून बारीक रेघ होऊन राहते. भिंतीच्या गिलाव्यावर, कुंभाराच्या मडक्यावर, दाराच्या रंगावर. तिला ते लोक 'नादरेघ' म्हणतात. तिच्यावरून प्रकाशाचा किरण फिरवला, की अडकलेला आवाज पुन्हा बाहेर येतो.

कोर्टांनी हा शोध डोक्यावर घेतला, कारण लोक फार चिडले होते. दिवसाढवळ्या खून व्हायचा, पाहणारे ढीगभर असायचे आणि कोर्टात एकेक जण मान खाली घालून म्हणायचा, "मी काही पाहिलं नाही, साहेब." अशा साक्षीदाराला 'फितूर' म्हणतात. आरोपी गळ्यात हार घालून बाहेर यायचा. मग कडक कायदा झाला. ज्याची साक्ष नादरेघेशी जुळणार नाही, तो तुरुंगात. का खोटं बोललास, हे कोणी विचारायचंसुद्धा नाही.

आता सावंतवाडीला चला. तिथे सगुण चितारी लाकडी खेळणी करायचा. त्याची मुलगी अबोली. आई ती तान्ही असतानाच गेली होती. घरात बाबा, अबोली आणि बाबांचा धाकटा भाऊ तातूकाका, एवढेच. सगुणने डोंगर पोखरणाऱ्या एका ठेकेदाराविरुद्ध तक्रार केली होती. एका दुपारी कारखान्यातच त्याचा खून झाला. शेजारच्या लेथवर तातूकाका होता, असं सगळी आळी म्हणत होती. कोर्टात तातूकाका म्हणाला, "मी जेवायला घरी गेलो होतो. काही ऐकलं नाही."

ठेकेदारावरचा खटला कोसळायच्या बेतात होता. म्हणून डॉक्टर लीना फर्नांडिस अबोलीच्या घरी आल्या. नादरेघ वाचणं हेच त्यांचं काम. त्या दिवशी घडवलेलं काही आहे का, असं त्यांनी विचारलं. काका तेव्हा घरामागच्या कारखान्यात होता. अबोलीने फ्रॉकच्या खिशातून एक भोवरा काढला. लाल. टोकाला लोखंडी आर बसवायची राहून गेलेला.

"माझ्यासाठी करत होते."

डॉक्टरबाईंनी तो हातात घेतला नाही. तिच्या तळहातावरच ठेवून वाकून पाहिलं. "लाख कशी चढवतात, दाखवशील?"

"तुम्हाला एवढंही येत नाही?" अबोली म्हणाली. "लेथवर लाकूड गरगर फिरतं. लाखेची कांडी टेकवली की ती तापून वितळते. मग वरून केवड्याचं सुकं पान दाबायचं. म्हणजे चकाकी येते."

"आणि खोलीत कोणी बोललं, तर ते पान थरथरतं. खाली लाख मऊच असते."

अबोली भोवऱ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे पानाने ऐकलं?"

"ऐकवू थोडंसं? अगदी सुरुवातीचंच."

त्यांच्या पेटीतल्या यंत्राचा किरण भोवऱ्यावरून फिरला. घरघर आली आणि मग बाबांचं गुणगुणणं. पाठोपाठ तातूकाकाचं हसू. "दादा, लाल फार झाला! भोवरा करतोस की टोमॅटो?"

"असू दे रे. अबोलीला लालच आवडतो."

डॉक्टरबाईंनी किरण बंद केला. अबोली रडली नाही. ती म्हणाली, "काका तिथेच होता."

"हो."

"मग काका तुरुंगात जाणार?"

"हा उद्या कोर्टात वाजला, तर जाईल. पण तू स्वतःच्या हाताने दिल्याशिवाय मी हा नेऊ शकत नाही."

"बाई, बाबा गेल्यावर तो ठेकेदार आमच्या फाटकाशी आला होता. त्याने मला चॉकलेट दिलं. काकाला म्हणाला, 'पोर गोड आहे. शाळेत एकटीच जाते ना?' तेव्हापासून काका रोज मला सोडायला येतो. मी आता मोठी झाले, तरी बोट धरतो." तिने भोवरा उलटासुलटा केला. "हे पण यात ऐकू येईल?"

डॉक्टरबाईंनी मान हलवली. "नाही गं. ते नंतरचं आहे. आणि भीतीला आवाज नसतो."

"काका आपणहून खरं बोलला तर?"

"भोवरा वाजायच्या आधी बोलला, तर त्याला माफी आहे. तुम्हा दोघांना पहाराही मिळेल. कायद्यात तेवढी एक फट ठेवली आहे." त्या पेटी बंद करू लागल्या. "पण त्या फटीतून हल्ली कोणी येत नाही. वस्तू सांगतील, म्हणून माणसांनी सांगणंच सोडून दिलंय."

अबोली उठली आणि मागच्या कारखान्यात गेली. तातूकाका बंद लेथसमोर नुसताच बसला होता.

"काय गो?" त्याने विचारलं.

तिने भोवरा त्याच्या हातात ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून मिटली.

"काका, याने सगळं ऐकलंय. पण आधी तू बोल."

त्याने ती मूठ छातीशी धरली. "पोरी, तुला काही झालं तर..."

अबोलीने चपला घातल्या. रोज शाळेला निघताना तो तिचं बोट धरायचा. आज दारात उभं राहून तिने आपलं बोट पुढे केलं.