भोंगा आणि डावखुरे टाके

तो गाडीच्या दाराला पाठ लावून उभा होता आणि काही केल्या हलायला तयार नव्हता.

वर्षातलं पहिलं प्रदर्शन होतं ते. थंडीची सकाळ, मोठं मैदान आणि पुसून लखलखीत केलेल्या जुन्या गाड्यांच्या रांगा. बाबांच्या हिरव्या गाडीशेजारी यंदा तिची जुळी बहीणच येऊन थांबली होती — तीच कंपनी, तेच साल, रंग तेवढा मरून. तिला आतून बघायला बाबा अधीर झाले होते, आणि हा उंच, किडकिडीत मालक दार अडवून नुसता हसत होता.

"जरा बाजूला होता का? बाबांना सीट बघायची आहे."

"बघतील की... थोड्या वेळानं."

"सीटवर सोनं ठेवलंय का?"

"सोनं कुठलं," तो आवाज खाली आणून म्हणाला, "सीटची स्प्रिंग वर आलीय. तिनं माझी पँट फाडलीय. म्हणजे — बरीच."

मला हसू आवरेना. आमचं दुकान गाड्यांच्या सीटा शिवण्याचं. आरी आणि मेण लावलेला दोरा माझ्या पिशवीत कायमचाच. बाबांना मी चहाला पिटाळलं, याला दाराकडे तोंड करून उभं केलं आणि कातडं शिवायच्या जाड लाल दोऱ्यानं त्याची पँट शिवायला घेतली.

"हलू नका. टोचेल."

"हेच मी रोज लोकांना सांगतो. दातांचा डॉक्टर आहे मी. ऐकणाऱ्याला कसं वाटतं ते आज कळलं."

"तुमचे पेशंट निदान गप्प तरी बसतात."

"डावखुऱ्या आहात?" त्यानं मान वळवली.

"हलू नका म्हटलं ना..."

काळ्या पँटवर लाल टाके उठून दिसत होते. तरी तो दिवसभर त्याच पँटमध्ये ऐटीत फिरला.

बाबांनी मात्र त्याच दिवशी त्याचं नाव 'दातवाला' ठेवून टाकलं, आणि ते कौतुकानं नव्हे. वर्षाच्या चार कार्यक्रमांचे गुण एकत्र करून जुन्या गाड्यांचा कप द्यायचे: थंडीतलं प्रदर्शन, वसंतातली टेकडीच्या चढाची शर्यत, उन्हाळ्यात ट्रॅकवरची शर्यत आणि शरदात मोठं प्रदर्शन, ज्याला निम्म्याहून जास्त गुण. बाबा दर वर्षी दुसरे येत. कारणही ठरलेलं. परीक्षक गाडीभोवती फिरायचे, माना डोलवायचे आणि शेवटी म्हणायचे, "भोंगा मूळचा नाही." मूळचा, रबरी फुग्याचा पितळी भोंगा कधीचा हरवला होता. दुसऱ्या गाडीचा लावलेला भोंगा सर्दी झाल्यासारखा वाजायचा. त्यातून बाबांचा खांदा इतका धरला होता की ते जड स्टिअरिंग त्यांना ओढवत नव्हतं. हे शेवटचं वर्ष, असं त्यांनीच जाहीर केलं होतं. तो कप त्यांना मिळावा, एवढंच मला त्या वर्षी हवं होतं.

आणि दातवाल्याच्या गाडीला मूळचा भोंगा होता. आजोबांकडून गाडीबरोबर आलेला, पिवळाधमक. सीटा तेवढ्या रेक्झिनच्या, कुणीतरी घाईनं मारलेल्या.

टेकडीच्या शर्यतीत त्याची गाडी अर्ध्या चढावर धापा टाकत थांबली. आम्ही बाजूनं पुढे गेलो तेव्हा बाबांनी मुद्दाम आपला सर्दीवाला भोंगा वाजवला. मी मागे वळून पाहिलं. तो बोनेट उघडून, वाफेत उभा राहून मला हात करत होता. मीही केला... बाबांना दिसणार नाही इतपत.

उन्हाळ्यातल्या शर्यतीच्या दिवशी अवेळीच पाऊस आला. ट्रॅक ओला झाला, शर्यत थांबली, जो तो मिळेल त्या आडोशाला पळाला. मी पळाले ती नेमकी मरून गाडीच्या टपाखाली. टपावर सरी वाजत होत्या, एक थेंब नेमानं त्याच्या कॉलरमध्ये पडत होता आणि तो जागचा हलत नव्हता, कारण हलला असता तर मला जागा उरली नसती.

"एक सांगू? भोंगा घेऊन जा," तो म्हणाला. "बाबांच्या गाडीला लावा. मला कप मिळून मी काय त्यातून चूळ भरणार आहे?"

"बाबांना उसनं चालत नाही. समजलं तर कप परत करतील."

"मग मी काय करू?"

"काही नको. मीच करते. तुमच्या या सीटा बघवत नाहीत मला."

आपण काय बोलून बसलो, ते तेव्हा मला स्वतःलाच समजलं नाही. नाही, खोटं कशाला बोलू — समजलं होतं.

मग रविवार सुरू झाले. घरी मैत्रिणीचं नाव सांगायचं आणि त्याच्या दवाखान्यामागचं गॅरेज गाठायचं. मी कातडं कापायचे, तो ताणून धरायचा. "ओढा... अजून... बस." सीटच्या खालचे टाके दिसावेत म्हणून त्यानं दात बघायचा छोटा आरसा आणला होता. एकदा त्या आरशात मला टाक्यांऐवजी त्याचे डोळेच दिसले.

"टाके बघताय ना?"

"बघतोय की. मध्येच कुणीतरी येतंय."

माझी आरी त्या दिवशी दोनदा बोटात गेली.

शेवटची सीट बसली तेव्हा गाडी नव्या नवरीसारखी दिसत होती. आता त्याच्या गाडीत खोट काढायला जागा नव्हती. बाबांचा कप मी माझ्याच हातानं त्याच्या पदरात टाकला होता.

त्याला ते न सांगता कळलं. "मी गाडी आणतच नाही," तो म्हणाला.

"मग इतके रविवार मी कशासाठी घालवले?"

"तेच तर... विचारायचं होतं."

मी दोऱ्याचं रीळ उचललं आणि तडक घरी आले.

शरदातल्या त्या सकाळी तो आला, गाडी घेऊन. पँट तीच, लाल टाक्यांची. बाबांची सवय अशी की इतरांच्या गाड्यांच्या सीटा ते डोळे मिटून, बोटांनी बघत. मरून गाडीत त्यांनी हात घातला, शिवणीवरून बोटं फिरवली... आणि थांबले. पुन्हा फिरवली. मला हाक मारली.

"हे टाके उलट्या बाजूला कलतात. ही डावखुरी शिवण आपल्या दुकानातली आहे."

मी मान खाली घातली. दातवाला पुढे झाला, पण बाबांनी हातानंच त्याला थांबवलं.

"मजुरी किती घेतलीस?"

"नाही घेतली."

"काहीच नाही?"

"नाही, बाबा."

बाबा खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत राहिले. "आपल्या दुकानात फुकट काम फक्त घरच्यांचं होतं," ते म्हणाले. मग त्याच्याकडे वळून त्यांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. "आणि ही पँट?"

"तीही, बाबा," मी म्हणाले.

"म्हणजे प्रकरण थंडीपासूनचं आहे."

कप मरून गाडीला मिळाला. "अशी शिवण आता बघायला मिळत नाही," परीक्षक माइकवरून म्हणाले. बाबांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांचा दुखरा खांदा त्या टाळ्यांनी थरथरत होता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

निघायच्या वेळी दातवाला पाना घेऊन आला. त्यानं आपल्या गाडीचा पितळी भोंगा सोडवला आणि बाबांसमोर धरला.

"आता स्पर्धा नाही. आणि उसनाही नाही," तो म्हणाला. "घरचा आहे."

बाबांनी फुगा एकदा दाबून पाहिला. खणखणीत, भरदार आवाज मैदानभर गेला. भोंगा हिरव्या गाडीला लागला. मी नेहमीप्रमाणे बाबांच्या शेजारचं दार उघडलं, तर ते म्हणाले, "इथे नको. त्याच्या गाडीला आता भोंगा नाही. वळणावर ओरडायला कुणीतरी हवं."

पुढे बाबा, मागे आम्ही. प्रत्येक वळणावर, सरळ रस्त्यावरही, बाबा भोंगा वाजवत होते. गाडी चालवण्याची त्यांची ती शेवटचीच फेरी. मी मीच शिवलेल्या सीटवर बसले होते.

"त्या रविवारांचं उत्तर दिलं नाहीस," तो म्हणाला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही समजलं नव्हतं.

"बाबांनी दिलं की."

"मला तुझ्या तोंडून हवंय."

"तू घरचा आहेस," मी म्हणाले. "आता समोर बघ — वळण आलंय."

आज बाबा नाहीत. हिरवी गाडी दुकानाच्या दर्शनी भागात उभी असते, भोंग्यासकट. तो त्यांनी कधी परत दिला नाही आणि आम्हीही मागितला नाही. मरून गाडी आम्ही, बाबांचा तो सर्दीवाला भोंगा लावून, अजून दर वर्षी प्रदर्शनाला नेतो. परीक्षक फिरतात, सीटांवरून हात फिरवतात, माना डोलवतात आणि शेवटी म्हणतात, "भोंगा मूळचा नाही." तेव्हा तो माझ्याकडे बघून हसतो, आणि दर वर्षी आम्ही दुसरे येतो.