डळमळिस्तानचा हरवलेला बॉम्ब

"ताई, माज्याकडनं अणुबॉम्ब हरवला," पोपट म्हणाला आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकला.

रुपेशने हातातला चहा खाली ठेवला. मंचरच्या त्याच्या फोटो स्टुडिओत लोक दोनच कारणांनी येत. एक, पासपोर्ट फोटो. दुसरं, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसणारी त्याची थोरली बहीण रत्नाताई. विम्याचा दावा लावलेली म्हैस खरोखर मेली आहे का, हे ताईने वीस वर्षं तपासलं होतं. त्यातल्या तीन जिवंत निघाल्या आणि एकीने तर तिला शिंगावर घेतलं. आता ती खासगी तपास करायची.

"केवढा होता?" ताईने विचारलं.

"पाच लिटरचा."

रुपेशला हसू आलं, पण पोपटच्या तोंडाकडे बघून त्याने ते चहाबरोबर गिळलं.

हकीकत अशी होती. महाळुंगे पडवळची यशोधरा पुण्यात अण्वस्त्रांच्या सुरक्षेवर पीएचडी करत होती. देशाचं सरकार डळमळलं, तर त्याची अण्वस्त्रं अतिरेक्यांच्या हाती लागतील का, हा तिचा विषय. तिने तीन दिवसांसाठी गावातल्या गोदामाचा एक देश केला आणि त्याला डळमळिस्तान असं नाव दिलं. भगवंत बागायतदार राष्ट्राध्यक्ष झाले, पोपट लष्करप्रमुख आणि पप्पू अतिरेक्यांचा म्होरक्या. वाळू भरून लाल रंगवलेली आणि वर तसं लिहिलेली दुधाची किटली म्हणजे अणुबॉम्ब. गोदामाला दोन कुलपं. एक किल्ली राष्ट्राध्यक्षांकडे, दुसरी लष्करप्रमुखांकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडायचं नाही.

"काल पाचला यशोधराबाई तपासायला आल्या. कुलपं जशीच्या तशी. मी माजं काढलं, त्याच टायमाला सायबांनी त्यांचं. आत बगतो तर किटली न्हाई."

"हा तर खेळ आहे, पोपटराव," रुपेश म्हणाला.

"खेळ त्यांचा वो. माजी नोकरी खरी हाय." पोपटने खिशातून घडी केलेला कागद काढला. शीतगृहावर पहारेकरी म्हणून नेमणुकीचं पत्र होतं, खाली सहीची जागा कोरी. "भगवंतसायेब तिथले अध्यक्ष. काल सही करणार व्हते. आता म्हणत्यात, ज्याला किटली सांबाळता येत न्हाई, त्याच्या ताब्यात शीतगृह कसं द्यायचं? आज पाचला दुसऱ्या माणसाला बोलावलंय. आन् गावात पोरं मला फितूर म्हणायला लागली."

"आणि सगळ्यांनी आधी तुमच्याकडेच पाहिलं."

"आमच्या आळीकडं बगायची गावाला सवयच हाय, ताई."

रत्नाताईने पर्स उचलली. "रुपेश, कॅमेरा घे."

गोदामाच्या दाराला साखळी होती. तिचं एक टोक पोपटच्या कुलपात, दुसरं भगवंतरावांच्या कुलपात आणि दोन्ही कुलपं एकमेकांत अडकवलेली. जत्रेत हात धरून हिंडणाऱ्या नव्या जोडप्यासारखी दिसली म्हणून रुपेशने त्यांचा फोटो काढला. मग त्याने खिडकीचे गज मोजले, कौलं बघितली आणि जाहीर केलं, "इथून मांजर जाईल. किटली नाही."

"मांजराचा जबाब नंतर घेऊ," ताई म्हणाली. "साखळी कोणाची?"

"सायबांची," पोपट म्हणाला. "त्यांच्या हिरीवरची. आदी माजं कुलूप घातलं, मग त्यांनी त्यांचं अडकवलं. किल्ली माज्या करदोट्याला हाय. आंगोळीलाबी सोडली न्हाई."

"तुम्ही जागेवरून हललात कधी?"

"एक ते दीड. जेवायला. नेमात बसत व्हतं."

यशोधरा ओट्यावर वही घेऊन बसली होती. चेहरा उतरलेला. "सगळे विचारतात, अतिरेकी आत कसे घुसतील. मला बघायचं होतं, आतली माणसं घाबरली की काय करतात. आता अहवालात लिहावं लागेल, पहारेकरी फुटला. दोन किल्ल्या लागतात, ताई. एकट्याचं काम नाही ते."

"लिहू नकोस अजून. वाळलेली शाई पुसता येत नाही."

अतिरेकी वडाखाली भेळ खात बसले होते. पप्पूने डोक्याला काळा रुमाल बांधला होता आणि त्यावर शेव सांडली होती.

"घटनेची जबाबदारी आमच्या संघटनेनं स्वीकारली हाय," तो म्हणाला.

"म्हणजे तुम्हीच नेला?"

"न्हाई ना, राव! आमचा खरा हल्ला आज व्हता. पण बॉम्ब गेला आन् जबाबदारी कुणीच घेईना. म्हणलं, फुकट हाय तर घेऊन टाकू." त्याने मोबाईल पुढे केला. "आमी काल सकाळी गावाच्या ग्रुपवर नुसती धमकी टाकली व्हती. 'आज पाच वाजता हल्ला. डळमळिस्तान हादरणार.' लई लोकांनी अंगठा दिला. सायबांनी तर तीनदा फोन करून विचारलं, खरंच येणार का म्हणून."

"पोपटरावांनी किल्ली दिली का तुला?"

"पोपटकाका? मी इचारली व्हती. एक प्लेट भजीबी देऊ केली. त्यांनी भजी खाल्ली आन् मला हाकललं."

रुपेशला हा पुरावा पोपटच्या बाजूचा की विरुद्ध, ते ठरवता आलं नाही.

भगवंतराव घरी पलंगावर बसले होते. पाव्हण्यांना पाणी द्यायला सांगून ते म्हणाले, "माझी किल्ली खुंटीला व्हती, सगळ्यांच्या डोळ्यांपुढं. घरात दहा माणसांचा राबता. कुणी नेली असंल, मी नाय म्हणत नाय. पण एका किल्लीनं काय व्हतंय? दुसरी पोपटकडं. त्यानं दिल्याबिगर दार उघडतंय का? तुमीच सांगा."

"बरोबर आहे," रुपेश म्हणाला. त्याला ते खरोखर बरोबर वाटलं.

अंगणात भगवंतरावांची आई, चिमाबाई, गोणपाटावर टोमॅटोच्या ढिगापाशी बसून होती. टोमॅटो लालबुंद, टणक, एकसारखे. शेजारची म्हैस ते मन लावून खात होती.

"आज्जी, एवढा चांगला माल म्हशीला?"

"मीबी तेच म्हणती, बाई! कालच्या तोडणीचा एक नंबर माल. भरलेल्या क्रेटातनं निम्मा काढला आन् हितं वतला. लेकाला इचारलं तर म्हनतो, आई तू गप."

"भगवंतरावांनी स्वतः काढला?"

"सोता. जेवनाच्या टायमाला. टेम्पोतबी सोताच ठिवला, डायवरला हात लावू दिला न्हाई. जल्मात कदी क्रेट उचलला नाय त्यानं."

"टेम्पो कधी गेला?"

"दोनला. नारायणगावला, रोजच्यावानी."

ताईने एक टोमॅटो म्हशीपुढे ढकलला. "आणि विहिरीचं पाणी पुरतं का, आज्जी?"

रुपेशने कपाळावर हात मारला. अणुबॉम्बचा तपास चालू असताना ही बाई विहिरीचं पाणी विचारत होती.

"पुरतंय की. दोगा भावांत एकच हीर. एकमेकांचं त्वांड बगत न्हाईत मेले, पण पाळी आली की ज्यो त्यो येतो, आपलं कुलूप काढतो, मोटर चालू करतो आन् जातो. धा वर्सं झाली, भांडान न्हाई."

"छान," ताई म्हणाली आणि बाजूला जाऊन दोन फोन केले. मग तिने सगळ्यांना गोदामापाशी बोलावलं.

चार वाजले होते. पोपट हात बांधून उभा होता, भगवंतराव खुर्चीवर, आणि अतिरेकी आपली भेळ घेऊन आले होते.

"भगवंतराव, तुमची किल्ली द्या," ताई म्हणाली. "पोपटराव, तुम्ही तुमची बाहेर काढू नका. दोन्ही हात वर."

पोपटने शरण आल्यासारखे हात वर केले. ताईने भगवंतरावांचं कुलूप उघडलं, फक्त ते एकच. साखळी खळकन सुटून खाली लोंबली आणि दार आपसूक उघडलं. पोपटचं कुलूप बंदच राहून साखळीच्या टोकाला झुलत होतं.

यशोधराच्या हातातून पेन पडलं.

"दोन कुलपं कडीत शेजारी-शेजारी घातली, तर दोन किल्ल्या लागतात," ताई म्हणाली. " ही एकमेकांत घातलीत. कुठलंही एक काढलं, की झालं. भांडलेल्या भावांच्या सामाईक विहिरीवर ती अशीच घालतात, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या दाराशी किल्ली मागायला जावं लागत नाही. भगवंतरावांच्या हाताला दहा वर्षांची सवय. साखळी तीच, हात तेच. नियम दोघांचा होता, कुलूप मात्र कोणाही एकाचं झालं. पोपटरावांना विहीरच नाही, त्यांना काय कळणार?"

"म्हणजे पोपटराव सुटले," रुपेश म्हणाला. "पण खुंटीवरची किल्ली तर कोणीही नेली असेल."

"नेली असेल. पण क्रेटमधून एक नंबरचा माल कोणी का काढेल? आत दुसरं काहीतरी ठेवायला. पाच लिटरची किटली आडवी घातली, की निम्मा क्रेट भरतो. वर टोमॅटोचा थर. तो क्रेट जन्मात एकदाच कोणी स्वतः उचलला, ते आज्जींनी सांगितलं. वेळ जेवणाची, पोपटराव घरी गेले होते तेव्हाची. आणि सकाळी पप्पूच्या धमकीवर तीन फोन कोणी केले?"

सगळे भगवंतरावांकडे बघू लागले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"माझ्या राजवटीत हल्ला व्हनार म्हणलं," ते म्हणाले. "जीव राहिना. म्हणलं हत्यार हलवावं, गुपचूप, साध्या टेम्पोतनं. डायवरला सांगितलं, डाव्या कडंचा क्रेट आडत्याकडं वेगळा ठेव. आत काय, ते नाय सांगितलं. गुप्तता पाळली."

"आणि ड्रायव्हर विसरला," ताई म्हणाली. "क्रेट लिलावात गेला. त्याच्याशी आणि आडत्याशी बोललेय मी. तुमचा अणुबॉम्ब सुरतेच्या ट्रकात चढला. पंचवीस किलो टोमॅटोच्या भावात."

पप्पूने भेळेचा कागद खाली ठेवला. "म्हणजे आमी काय केलंच न्हाई?"

"धमकी दिलीत," यशोधरा भराभर लिहीत म्हणाली. "तेवढी पुरली."

"काल पाच वाजता का नाही बोललात?" ताईने भगवंतरावांना विचारलं.

"राष्ट्राध्यक्षाकडनंच हरवला म्हणलं तर लोकं काय म्हणतील?"

"म्हणून पोपटरावांकडून हरवला."

पोपटने वर केलेले हात आता कुठे खाली घेतले.

तेवढ्यात भगवंतरावांचा मोबाईल वाजला. त्यांनी कानाला लावला आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला. "सुरतेचा व्यापारी," ते मोबाईलवर हात दाबून पुटपुटले. "आडत्यानं नंबर दिला. किटली सापडली. वर अणुबॉम्ब लिवलंय, म्हणून पोलीस बोलावलेत. आख्खा बाजार रिकामा केलाय. साहेब विचारतोय, कुनाची." त्यांनी मोबाईल पोपटपुढे धरला. "पोपटराव, तुमीच बोला. माझं हिंदी लई कच्चं हाय."

पोपटने मोबाईल घेतला नाही. खिशातला कागद काढून उलगडला, खुर्चीच्या हातावर ठेवला आणि यशोधराच्या हातातलं पेन घेऊन भगवंतरावांच्या बोटांत दिलं.

मोबाईलमधून कोणीतरी हॅलो हॅलो ओरडत होतं. भगवंतरावांनी सही केली. पोपटने ती नीट वाचली, तारीख राहिली होती ती घालायला लावली, कागद शर्टाच्या आत ठेवला आणि मग मोबाईल कानाला लावून ताठ उभा राहिला.

"हां साब, बोलिए. हमाराच है."